म्युझियमला जोडीने जा, पण जोडीने बघू नका

स्पष्टच सांगते. नवरा-बायकोने म्युझियमला जरूर एकत्र जावं, पण आत शिरल्यावर एकत्र फिरू नये.

बॉस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स बघून एकमेकांवर वैतागून बाहेर पडलेली बरीच मराठी जोडपी माझ्या ओळखीची आहेत. एकाला प्रत्येक पाटी वाचायची असते, दुसऱ्याचं "चल ना, अजून वरचा मजला राहिलाय" चालू असतं. त्यात तिकीट महाग. मग पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून इजिप्तच्या ममीपासून फ्रेंच चित्रकार मोनेच्या चित्रांपर्यंत सगळं एका दुपारी उरकायचं. संध्याकाळी पायाचे तुकडे, फोनमध्ये फोटोंचा ढीग, आणि काय बघितलं विचारलं तर "खूप मोठं आहे हो!"

याच्या जोडीला आपलं ठरलेलं वाक्य असतं, "आपल्याला चित्रातलं काय कळतंय?" या वाक्याची मला मनापासून चीड आहे. रागातलं ओ की ठो कळत नसताना माणसं सवाईला थंडीत शाल लपेटून बसतातच की. चित्रापुढे मात्र आपल्याला परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं.

तर आमच्या घरचा नियम असा. बॉस्टनच्या लोकलच्या ग्रीन लाइनच्या ई गाडीने जायचं, कोट जमा करायचे आणि दारातच फुटायचं. नंतर कॅफेत भेटायचं. तिथून प्रत्येकाने दुसऱ्याला हाताला धरून फक्त एका वस्तूपुढे नेऊन उभं करायचं. फोनवर फोटो दाखवायचा नाही, आणि "छान आहे" एवढ्यावर सुटका नाही.

मी नवऱ्याला नेलं ते जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराच्या १८८२ सालच्या चित्रापुढे. एडवर्ड बॉइट नावाच्या बॉस्टनच्या श्रीमंत गृहस्थांच्या चार मुली, पॅरिसच्या घरात. चित्र चौकोनी आणि माणसाहून उंच. धाकटी गालिच्यावर बाहुली घेऊन बसलीय, एक डावीकडे हात मागे बांधून उभी, आणि दोघी थोरल्या मागे अंधारात. त्यातली एक तर एका प्रचंड फुलदाणीला टेकून तोंड फिरवून उभी आहे. चार बहिणींचं चित्र म्हटल्यावर कोणीही चौघींना एकत्र बसवून, केस विंचरून, हसवून काढेल. इथे कोणी कोणाशी बोलत नाही. मधली जागा रिकामी, काळोखी.

नवरा आधी चित्र सोडून बाजूलाच बघायला लागला, कारण चित्रातल्या त्या दोन जपानी फुलदाण्या म्युझियमने खरोखरच चित्राच्या दोन्ही बाजूंना उभ्या केल्या आहेत. माणसाएवढ्या उंच. बॉइट कुटुंब बॉस्टन-पॅरिस ये-जा करायचं आणि एवढी अवजड भांडी बरोबर न्यायचं. पुढे त्या म्युझियमकडे आल्या तेव्हा आत काय सापडलं? सिगारचं थोटूक, कागदाचं विमान, गुलाबी रिबीन, टेनिसचा चेंडू, बॅडमिंटनची फुलं आणि एक जुना डोनट! हे ऐकल्यावर नवरा जो हसत सुटला, तो पुन्हा चित्राकडे वळला तेव्हा वेगळ्या डोळ्यांनी बघत होता. "म्हणजे या घरात दंगा चालायचा. मग त्या इथे अशा का उभ्या आहेत?" आता बोला, चित्र कळत नाही म्हणणाऱ्या माणसाने बरोब्बर तोच प्रश्न विचारला.

मला स्वतःला हे चित्र परदेशात राहायला लागल्यावरच एवढं का धरून ठेवतं, ते ठाऊक आहे. दोन देशांत वाढणारी मुलं आणि जिथे जाऊ तिथे आपल्या वस्तू वाहून नेणारे आईबाप. विमानतळाच्या काट्यावर पितळी समईसाठी लोणच्याचा डबा बाहेर काढणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्या चौघींपैकी कोणीच पुढे लग्न केलं नाही. वडील गेल्यावर त्यांनीच हे चित्र १९१९ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ म्युझियमला देऊन टाकलं.

मग त्याची पाळी. मला वाटलं, फ्रेंच चित्रकार गोगँचं ताहितीतलं ते भलंमोठं चित्र असेल, बारा फूट लांबीचं, उजवीकडून डावीकडे वाचत जायचं. तिथे कायम गर्दी असते. पण त्याने नेलं भारतीय दालनात, सांचीच्या यक्षीपुढे. वालुकाश्मातलं धड फक्त. डोकं नाही, हात नाहीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, सांचीच्या तोरणावरचं. "मागून बघ," म्हणाला. मागची बाजूही समोरच्याइतक्याच निगुतीने कोरली आहे, कारण तोरणाखालून जाणारा माणूस दोन्हीकडून बघणार.

आणि तिथेच आमचं वाजलं.

माझं पहिलं वाक्य अर्थातच "हे इथे काय करतंय?" त्यावर त्याने आनंद कुमारस्वामींची गोष्ट काढली. कोलंबोत १८७७ साली जन्मलेले, वडील तमिळ, आई इंग्रज, मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. भारतभर फिरून त्यांनी राजपूत चित्रांचा, शिल्पांचा मोठा संग्रह केला. तो बनारसला राष्ट्रीय संग्रहालय होणार असेल तर द्यायची त्यांची तयारी होती. त्यासाठी आपल्याकडे पैसा उभा राहिला नाही. शेवटी डेन्मन रॉस नावाच्या इथल्या विश्वस्तांनी तो विकत घेऊन म्युझियमला दिला आणि १९१७ मध्ये कुमारस्वामी स्वतःच भारतीय विभाग सांभाळायला बॉस्टनला आले. १९४७ मध्ये वारले ते इथेच. "प्रत्येक वस्तू लुटून नेलेली नसते," नवऱ्याचं म्हणणं.

मान्य. पण यक्षी म्हणजे त्या संग्रहातली चित्रं नव्हेत. तसलं छोटं राजपूत चित्र मुळात हातात धरून बघायला केलेलं असतं, ते देश बदलून फारसं बिघडत नाही. यक्षी हे एका इमारतीचं, सांचीच्या स्तूपाचं, अंग आहे. ती इमारत अजून उभी आहे, तिथे आजही लोक जातात. मला यक्षी सांचीला परत गेलेली बघायला आवडेल. त्याला वाटतं, इथे जगभरची माणसं तिच्यापुढे थांबतात, तेही काही कमी नाही. वर त्याने औंधचा दाखला दिला. तो साताऱ्याचा, शाळेच्या सहलीला औंधला गेलेला. तिथे औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प आहे, चक्क माण-खटावच्या उन्हात. "ते इंग्लंडला परत पाठवूया का?" मी म्हटलं, पंतांनी ते कुणाच्या देवळाच्या कमानीवरून उतरवलं नव्हतं. गाडीत बसेपर्यंत हे चालू होतं, आणि अजून मिटलेलं नाही. दोघं बरोबर फिरलो असतो तर त्या दालनातून "अरे वा, आपलं पण आहे" म्हणत सेल्फी काढून पाच मिनिटांत पुढे गेलो असतो.

जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. बॉस्टनच्या आसपासच्या बऱ्याच गावांच्या सार्वजनिक वाचनालयांत म्युझियमचे सवलतीचे पास मिळतात. पास स्वस्त पडला की वसुलीचं भूत उतरतं आणि दोन गोष्टी बघून घरी यायला लाज वाटत नाही. शनिवार-रविवारचे पास लवकर संपतात, तेव्हा आधीच नाव लावा.