दम असेल तो शिकेल, म्हणे!

ओपन सोर्सची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरला हातभार लावायला शिकवणारी, कार्यशाळा जाहीर झाली की आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. त्याचा मथितार्थ असा: हा सगळा फार्स आहे. ज्याच्यात दम आहे तो यूट्यूब बघून शिकतोच. बाकीच्यांना धरून बसवलं तर ते चांगल्या प्रकल्पांत कचरा करतात. त्यात इकडे धड नेट नाही, मुलांच्या इंग्रजीची बोंब, आणि आठवड्याभरात सगळे विसरून जातात. अशा कार्यशाळांत मी मार्गदर्शक म्हणून बसतो, तेव्हा उत्तर देणं आलंच.

आधी दमाचं बघू. दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिलं येण्याची कोकण विभागाला सवय आहे. मेहनतीत आमची मुलं कमी नाहीत. पहिल्या योगदानात अडतं ते प्रोग्रामिंगपाशी नाहीच. मुलगी चुकीची ओळ शोधते, दुरुस्त करते, कमिट करायला (बदल नोंदवायला) जाते आणि गिट, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, तिलाच विचारतं, ‘प्लीज टेल मी हू यू आर’. नाव आणि ईमेल नोंदवायच्या दोन आज्ञा दिल्या की काम होतं, पण तिला वाटतं काहीतरी मोडलं. पुढे पुश करताना, म्हणजे बदल वर पाठवताना, पासवर्ड अचूक टाकूनही गिटहब (प्रकल्प जिथे ठेवलेले असतात ती साइट) तो नाकारतं. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे गिटच्या कामाला पासवर्ड चालतच नाही, टोकन किंवा एसएसएच की (ओळख पटवायच्या वेगळ्या किल्ल्या) लागते. त्याआधीचे व्हिडिओ मात्र अजून पासवर्डच टाकायला सांगतात. घ्या, यूट्यूब बघून शिका! शेजारी कोणी जाणतं बसलेलं असेल तर हे पाच मिनिटांत सुटतं. नसेल तर ती रात्री अकराला लॅपटॉप मिटते आणि ‘आपल्यात दम नाही’ हे स्वतःच ठरवून टाकते.

कचऱ्याचा आरोप मात्र खोटा नाही, आणि मेसेजमधला हाच मुद्दा वजनदार आहे. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्या) केल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली लोकांनी रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या) फायलींत उगाच एखादा शब्द घुसडून इतक्या रिक्वेस्ट पाठवल्या की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल तिथलंच योगदान धरायचं. २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेबसाइट बनवायच्या साधनाच्या प्रकल्पावर तीच वेळ आली. एका शिकवणीच्या व्हिडिओत तो उदाहरण म्हणून दाखवला होता. बघणाऱ्यांनी सरावाचं म्हणून आपापली नावं थेट त्याच्या रीडमीत घालायला रिक्वेस्ट धाडल्या. त्यांत आपल्या देशातली मुलं भरपूर होती, हेही मान्य करू.

पण दोन्ही ठिकाणी मार्गदर्शक कुठे होता? एकीकडे बक्षीस, दुसरीकडे व्हिडिओ. पाठवण्याआधी वाचणारं कोणीच नाही. नीट घेतलेल्या कार्यशाळेचं खरं काम आधीच्या पंधरवड्यात होतं. प्रकल्प सांभाळणाऱ्यांना विचारायचं, ‘अमुक दिवशी अमुक इतके नवखे येतील, चालेल का?’ नाही म्हणाले तर दुसरा प्रकल्प. ‘गुड फर्स्ट इश्यू’चं (नवख्यांना जमेल असं काम) लेबल दिसलं म्हणून काम उचलायचं नाही, ते आधीच कोणी घेतलंय का बघायचं आणि प्रकल्प आपल्या मशीनवर एकदा स्वतः चालवून पाहायचा. सरावाला आपलाच एक रेपॉझिटरी (प्रकल्पाच्या फायलींचा साठा) ठेवायचा, नावं हवी तेवढी तिथे घाला. आणि खरी रिक्वेस्ट मार्गदर्शकाने वाचल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. टी-शर्टच्या तर मी साफ विरोधात आहे. आयोजक माझ्यावर नाराज असतात, असोत.

नेटचं रडगाणं अर्धंच खरं. मिरग लागला की वाडीत लाईट आणि रेंज एकदमच जातात, हे कोणाला सांगायला नको. पण गिटची रचनाच अशी की प्रकल्पाची अख्खी प्रत, जुन्या इतिहासासकट, तुमच्या मशीनवर असते. बदल करा, कमिट करा, ब्रँच (कामाची वेगळी फांदी) काढा, नेट लागत नाही; लागतं ते फक्त उतरवताना आणि पाठवताना. क्लोन (ही अख्खी प्रत) एकाने आदल्या रात्री उतरवायचा, बाकीच्यांनी पेनड्राइव्हवरून घ्यायचा. खरी गोची प्रकल्पाला लागणाऱ्या तयार कोडच्या पॅकेजांची. एकाच हॉटस्पॉटवर सगळ्यांनी मिळून ती उतरवायला एनपीएम इन्स्टॉल ही आज्ञा मारली की दुपार गेलीच. म्हणून हलके प्रकल्प निवडावेत, किंवा डॉक्युमेंटेशनचं काम.

इंग्रजीबद्दल फार बोलायची गरज नाही. ‘काय केलं, कशासाठी, कसं तपासलं’ एवढं रिक्वेस्टमध्ये तीन साध्या वाक्यांत मांडता आलं की पुरतं. उलट मराठी येते म्हणून करता येण्याजोगी कामं पडून आहेत: फायरफॉक्सचा मराठी अनुवाद पोंटून या अनुवादाच्या साइटवर ब्राउझरमधूनच होतो, आणि पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की जोडाक्षरं फुटतात ते नमुना फाइल जोडून नीट कळवणं हेही योगदानच.

राहता राहिलं विसरणं. बरेच जण विसरतात, त्यात प्रकल्पाचं काही बिघडत नाही. पण जे टिकू शकले असते ते बहुधा एकाच ठिकाणी गळतात. कार्यशाळा रविवारी संपते आणि ‘हे असं नको, टेस्टही (बदल तपासणारा कोड) जोडा’ असा प्रकल्प सांभाळणाऱ्यांचा शेरा येतो पुढच्या गुरुवारी किंवा महिन्याने. तोवर मार्गदर्शक पुण्या-मुंबईला परतलेला असतो. गणपतीला गावी येणारे चाकरमानी या कामाला उत्तम (गणपतीत कार्यशाळा मात्र नको, आरत्या-भजनांतून कोण सुटतोय?), पण परत गेल्यावरही महिनाभर फोन उचलायचं कबूल करणारेच घ्यावेत. आणि सर्टिफिकेट द्यायचंच असेल तर त्या शेऱ्याला उत्तर गेल्यावर द्यावं.