फिन्समधली खरवड

वर्षभर कुणाला काही पडलेली नसते, पण खंडेनवमीला सकाळी साडेसहाला आई चहाच्या आधी विचारते, गाडी धुतलीस का? बाबांची 1994 सालची साडेतीनशे सीसीची मोटरसायकल आहे, नाव सांगायची गरज नाही, गल्लीच्या तोंडाशी आली की घरात चहा टाकतात. गुडघ्यांमुळे बाबांनी किक मारणं सोडलं आणि गाडी माझ्या गळ्यात आली. ते गॅलरीत पेपर धरून बसतात, पण दोन तासात पान काही उलटत नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने गाडी चालवली की पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तापलेल्या इंजिनवर बसतो आणि तिथेच भाजतो, दुधाच्या पातेल्याच्या बुडाला खरवड लागते ना, सेम तशी. फिन्स म्हणजे इंजिनच्या अंगावरच्या त्या पट्ट्या, इंजिनची उष्णता वाऱ्यावर सोडायला असतात, त्याच चिखलाने बुजल्या तर वारा लागणार कुठून? मे महिन्यात स्वेटर घालून पळायला लावल्यासारखं आहे ते.

बाबांच्या काळी रॉकेल आणि रंगाचा ब्रश, विषय संपला. आता रेशनचं रॉकेल गेलं, म्हणून मी डिझेल आणायला पंपावर बाटली घेऊन गेलो तर पोरगा म्हणतो बाटलीत नाही मिळणार. अरे इंजिन धुवायचंय. तो म्हणे सगळे हेच सांगतात. शेवटी खालच्या टेम्पोवाल्या काकांनी नळी लावून अर्धा लिटर काढून दिलं आणि त्यावर पाऊण तास सल्ला फुकट.

टूथब्रश फिन्सच्या तोंडाशीच अडतो. म्हणून आईस्क्रीमची काडी घ्यायची, तिला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळायची, डिझेलमध्ये बुडवायची आणि एकेक खाच आतून पुसून काढायची. एका खाचेला पाच मिनिटं, पट्टी बाहेर येते ती काळीकुट्ट. चौथ्या खाचेत मला एक नाकतोडा सापडला, पूर्ण भाजलेला, एक मागचा पाय शाबूत. वरून बाबा म्हणाले, अरे डाव्या बाजूला राहिलंय. त्यांना पेपरमधलं मोठं हेडिंग चष्म्याशिवाय दिसत नाही हे लक्षात घ्या.

मागच्या वर्षी शहाणपणा करून वॉशिंग सेंटरला नेली होती. माझ्यापुढे नऊ गाड्या आणि एक ट्रॅक्टर, त्या दिवशी सगळ्या गावाला एकदमच भक्ती सुचते. नंबर आला तेव्हा पोराने गरम इंजिनवरच थंड पाण्याचा फवारा सोडला, मोहरी तडतडावी तसा आवाज आणि वाफच वाफ, मीच ओरडलो म्हणून थांबला, नाहीतर तापलेल्या धातूला असा झटका बसला की तडासुद्धा जाऊ शकतो. प्लगच्या टोपीत पाणी गेलं ते गेलंच, गाडी काही चालू होईना. धुतलेली चकाचक गाडी दीड किलोमीटर ढकलत आणली, वाटेत तिघांनी विचारलं पेट्रोल संपलं का, चौथ्याला मी हो म्हणलं.

आता क्रोम, म्हणजे लोखंडी भागांवरचा चकचकीत मुलामा. लोकांना वाटतं चमकतं ते क्रोम, तर खरी झळाळी खालच्या निकेलची असते, क्रोमचा थर वरती जेमतेम, एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा नसतो बहुतेक वेळा. म्हणजे राबायचं निकेलने आणि मिरवायचं क्रोमने, प्रत्येक ऑफिसात हेच आहे. थराला बारीक भोकं असतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि लोखंडाचा गंज ठिपक्यांनी वर येतो. ते ठिपके घालवायला मी एकदा भांड्यांची तारेची घासणी वापरली होती, त्या मडगार्डवरचे ओरखडे बाबा अजून पाहुण्यांना दाखवतात. खरा उपाय डब्यातली पोळी गुंडाळायची फॉइल. चुरगळायची, पाण्यात बुडवायची, हलक्या हाताने घासायची, अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा न पडता गंज निघतो. बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणारा वाकडा पाइप, मात्र इंजिनपाशी मोरपंखी निळा झालाय, तो तापून बदललेला रंग आहे, साध्या पुसण्याने जात नाही. मी त्याला डिझाइन म्हणतो.

सायलेन्सरवर कुणाचीतरी कॅरीबॅग चिकटून वितळली होती. गाडी थोडी गरम करून लाकडाच्या उलथन्याने खरवडली की सुटते, सुटलीही. उलथनं आईचं धिरड्याचं होतं हे तिने धिरड्याच्या वेळी शोधून काढलं. एवढं मन लावून कधी पातेलं घासलंस का, हे ओघाने आलंच.

साडेअकराला गाडी अशी झाली की टाकीत तोंड बघून भांग पाडावा. आईने हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूचा भलामोठा हार घातला, चाकाखाली लिंबू, नारळ फोडला. बाबा खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, काही बोलले नाहीत, म्हणजे पास. म्हणाले एक चक्कर मारून ये. पहिल्याच स्पीडब्रेकरला हार तुटून इंजिनवर पडला, मला कळलं ते वासावरून.

घरी येऊन बघतो तर फिन्समध्ये पाकळ्या भाजून चिकटलेल्या, वरून खालपर्यंत केशरी खरवड. मी आईस्क्रीमची काडी शोधायला लागलो तर आई म्हणाली, पूजेचं फूल आहे ते, आज काढू नकोस. उद्या दसरा, उद्या तर नाहीच. नंतर म्हणाली आता दिवाळीच्या पाडव्याला धुशीलच की.