पाण्यातून काढलंत का?

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे. मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांच्या चिमटीत एक बनियन. आदल्या दिवसापर्यंत पांढरं असावं. आता खांद्यापासून पोटापर्यंत गुलाबी ओघळ.

"वहिनी, हा तुमचाच ना?"

"बनियन? माझं कसं असेल काका?"

"रंग," काका म्हणाले.

रंग माझाच होता. भाचीला बाळ होणार म्हणून मी गोधडी शिवायला घेतली होती. मंगळदास मार्केटातून लाल, निळं आणि पिवळं मिळून सहा मीटर सुती कापड आणलं, खालच्या बाजूला लावायला मांजरपाट आणला. इथवर सगळं सुखात चाललं होतं. मग कुठून दुर्बुद्धी झाली आणि चार जणींना विचारलं, आधी धुऊ का? जाऊबाई म्हणाल्या, मुळीच नको, खळ गेली की कापड लुळं पडतं, चौकोनाचे पतंग होतात. मैत्रीण म्हणाली, बाळाच्या अंगाला ती खळ लावणारेस? ब्लाऊजवाला टेलर तर मी तोंड उघडायच्या आत "अस्तर पाण्यातून काढलंय का?" एवढंच विचारतो. त्याला मोक्षाबद्दल विचारलं तरी तो हेच विचारेल.

तर धुतलं. आमच्याकडे पाणी सहा ते पावणेसात. तेवढ्या वेळात डबा, आंघोळी आणि कापड; जेमतेम लालच धुऊन झालं. पिळायला फुरसत कोणाला होती? लाल कापड तसंच गॅलरीच्या दांडीवर टाकलं. त्यानं खाली काकांच्या बनियनवर रंगपंचमी केली.

मी माफी मागितली. भरपाई देते म्हटलं. काका ऐकतच नव्हते. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली होती, खुर्चीवर घडी घालून ठेवलेल्या निळ्या कापडाकडे.

"हे धुतलं?"

"नाही अजून."

काका चपला काढून आत आले. निळ्याचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, कानाशी नेऊन चुरगळलं, उजेडात धरून काठ पाहिला. "गिरणीच्या फिनिशिंग खात्यात होतो आठ वर्षं," ते म्हणाले, "बंद होईपर्यंत." कधी बंद, ते विचारायची गरज नव्हती. लालबागच्या या वयाच्या माणसाचं कॅलेंडर १८ जानेवारी १९८२ ला, गिरणी संप सुरू झाला त्या दिवशी, थांबलेलं असतं.

"मागावर धागा ताणलेला असतो. पुढे आम्ही तो आणखी ताणायचो. पहिलं पाणी लागलं की तो सुटतो, आणि कापड आटतं. मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर धरा. उभ्या धाग्यात जास्त, आडव्यात कमी. मांजरपाट तर विचारूच नका. आटलेलं आणि न आटलेलं एकत्र शिवलंत की पहिल्या धुण्यात चुण्या. पूर्वी काठावर शिक्का असायचा, सॅन्फोराइज्ड. म्हणजे आधीच आटवलेलं."

ही युक्ती सॅन्फर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाची, पेटंट १९३० चं. त्याच्या नावावरूनच तो शिक्का. काका मात्र ते असं सांगत होते, की क्लुएट दुसऱ्या पाळीला त्यांच्या शेजारी उभा राहायचा.

"बादलीत मीठ टाकलं होतं मी," मी बाजू मांडली.

"मीठ आम्हीपण टाकायचो. पण रंगवताना! बाहेर आल्यावर मीठ टाकून काय होतंय? भात शिजल्यावर तांदूळ निवडायचे?" मग त्यांनी स्वयंपाकघरातलं तांब्याभर पाणी घेऊन ते बनियन (तेच!) भिजवलं आणि निळ्या कापडावर खसाखसा घासलं. आता त्यावर निळाही डाग पडला. काकांचा चेहरा खुलला. "बघा. हाही जातो. रंग दिसेनासा होईपर्यंत खळबळत राहायचं."

खळबळत राहायचं म्हणे. पावणेसातच्या आत.

आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिच्या गोधडीतली लुगडी पंधरा-पंधरा वर्षं धुतलेली. त्यांचं आटायचं ते आटलेलं, जायचा तो रंग गेलेला. नवं कोरं कापड आणून त्याचे तुकडे करायचे आणि परत जोडायचे, हे तिला सांगितलं असतं तर तिनं माझी दृष्ट काढली असती. आणि मी आणलंच होतं नवं, तर पावसाळ्यात दादरच्या हिंदमाताच्या कापडबाजारात तरी जायचं, जिथं पाणी तुंबतं. तिथं दुकानासकट सगळं आयतं पाण्यातून निघतं.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस: कपडे पिळून वाळत घालावेत. खाली माझ्या फ्लॅटचा नंबर, कंसात. चौथ्या मजल्यावरच्या कुंड्यांचं पाणी तीन वर्षं माझ्या पापडांवर गळतंय. तेव्हा फळ्याला खडू मिळाला नाही. काकांनी तक्रार केली नाही म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. पण मग जिन्यात ते बनियन झेंड्यासारखं धरून चढलं कोण?

बुधवारी दोन नवी बनियनं घेऊन खाली गेले. काकांनी पिशवीतून एक काढलं. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं. कानाशी नेलं.

"पाण्यातून काढलंत का?"