मसालेदार जिन तिखट नसते

नागपुरात व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : मसालेदार ड्राय जिन म्हणजे व्होडकात कालवलेला गरम मसाल्याचा अर्क, ती सावजी रश्श्यासारखी घसा जाळते, म्हणून तिच्यात भरपूर लिंबू पिळावे आणि बर्फ कमी घालावा, शिवाय टॉनिकसोबत (म्हणजे टॉनिक वॉटर या कडसर सोडापेयासोबत) घेतल्यास मलेरिया होत नाही. यातले शेवटचे विधान धोक्याचे आहे आणि बाकीची चांगल्या पेयाची चव बिघडवणारी आहेत.

अर्काच्या आरोपात थोडे तथ्य आहे. जिनचा पाया व्होडकासारखाच, जवळजवळ बिनवासाचा मद्यार्क असतो आणि काही स्वस्त जिन केवळ सुगंधी अर्क मिसळून तयार होतात. मात्र ज्या बाटलीवर ‘लंडन ड्राय’ असे लिहिलेले असते, तिच्यासाठी युरोपीय नियम कडक आहेत : जुनिपरसह (जिनला तिची मुख्य चव देणाऱ्या सुगंधी फळासह) सगळे मसाले मद्यार्काबरोबरच ऊर्ध्वपातित करावे लागतात, म्हणजे एकत्र उकळून त्यांची वाफ थंड करून गोळा करावी लागते, नंतर वास किंवा रंग घालता येत नाही आणि साखर एका लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ‘ड्राय’ या शब्दाचा अर्थ गोडवा नसलेली एवढाच आहे. हे जुनिपर आपल्याला अगदीच परके नाही, कारण आयुर्वेदातली हपुषा ती हीच.

तिखटपणाचा मुद्दा सविस्तर पाहायला हवा, कारण बाकीचे गैरसमज त्यातूनच निघाले आहेत. इंग्लंडमध्ये तयार होणाऱ्या ‘ओपीर’ या मसालेदार जिनमध्ये इंडोनेशियाची कबाबचिनी, भारतातली काळी मिरी आणि मोरोक्कोचे धणे असतात. ही नावे वाचून सावजी मसाल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण मिरीला तिखट करणारे पायपरीन वाफेबरोबर वर जात नाही, ते भांड्यातच राहते. वर जातात ती फक्त सुगंधी तेले. घरी मिरीचा काढा मंद आचेवर ठेवून झाकणाच्या आत साचलेले थेंब चाखून पाहावेत : मिरीचा वास येतो, जाळ लागत नाही. मसालेदार जिनची चव नेमकी तशीच असते. आधी जुनिपरचा देवदारासारखा वास येतो, मग धण्यांचा लिंबूवर्गीय ताजेपणा जाणवतो आणि शेवटी मिरी-कबाबचिनीची ऊब मागे रेंगाळते. घशाला जे लागते ते मद्यार्काचे असते, मसाल्याचे नव्हे.

मलेरियाबद्दल मात्र मला तळमळीने सांगावेसे वाटते, कारण आपल्या विदर्भातच गडचिरोलीसारखा जिल्हा या रोगाशी आजही झुंजतो आहे. टॉनिकमध्ये क्विनाइन हे मलेरियावरचे जुने औषध असते हे खरे. पण अमेरिकेतल्या नियमानुसार त्याचे प्रमाण लिटरला ८३ मिलीग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही, तर क्विनाइनने उपचार करायचा झाल्यास प्रौढ रुग्णाला दिवसाला सुमारे १,८०० मिलीग्रॅम द्यावे लागते. म्हणजे एका दिवसाच्या औषधासाठी वीस लिटरांहून अधिक टॉनिक प्यावे लागेल. या संदेशावर विसंबून कोणी तापात रक्ततपासणी टाळली, तर ते जिवावर बेतू शकते.

राहिला प्रश्न वाढण्याचा. शमवायला तिखटच नसल्यामुळे भरपूर लिंबू पिळण्याचे कारण उरत नाही. उलट लिंबाचा आंबटपणा धण्यांचा आणि कबाबचिनीचा नाजूक वास झाकून टाकतो. या जिनला संत्र्याची साल शोभते, आणि त्यासाठी नागपूरकरांना दूर जावे लागत नाही. लहानपणी आपण एकमेकांच्या डोळ्यांत सालीचा जो फवारा उडवत असू, तेच तेल येथे हवे असते : धुतलेल्या सालीचा बोटभर तुकडा ग्लासवर पिळावा आणि मग आत सोडावा. आतला पांढरा भाग कडू असतो, तो शक्य तितका काढून टाकावा.

बर्फ कमी घालण्याचा सल्लाही उलटा आहे. ग्लास काठोकाठ भरला तर पेय लवकर गार होते आणि गार पेयात बर्फ सावकाश वितळतो. दोनच खडे टाकले, तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ते बघता बघता पाणी होतात. तीस मिलीलीटर जिनला नव्वद मिलीलीटर थंड टॉनिक पुरेसे होते. मे महिन्यात चांगली संत्री मिळत नाहीत, तेव्हा आल्याची पातळ चकती आणि टॉनिकऐवजी जिंजर एल घेतले तरी मसाल्याची ऊब टिकून राहते.