मांडीवरचं तिकीट

विमानवाले दोन वर्षांच्या आतलं मूल माणसांत धरत नाहीत. त्याला खुर्ची नाही, आई-बापाची मांडी हीच त्याची सीट. बदल्यात भाडं नाममात्र. हे मला समजलं तेव्हा आमची धाकटी एकवीस महिन्यांची होती, आणि त्याच संध्याकाळी आमची सिंगापूरची सहल ठरली. लोक मोसम बघून फिरायला जातात, आम्ही मुलीचं वय बघून गेलो. परतताना तिला दोन पूर्ण झालेली असली तर परतीला खुर्चीचे पैसे मोजावे लागतात, म्हणून मी परतीची तारीख वाढदिवसाच्या बरोब्बर चार दिवस आधीची धरली. मुंबई-नागपूरचं तिकीट वेगळं काढलं तर आणखी साडेतीन हजार वाचतात, हा शोधही माझाच.

बायको तेव्हाच म्हणाली होती, "तुम्ही वाचवलेले पैसे रात्री तीन वाजता परत मागायला येतात."

जातानाचं सोडा. जाताना सगळ्यांच्या अंगात उत्साह असतो, पोरं नवीन कपड्यांत असतात आणि चिवड्याचा डबा भरलेला असतो. खरा प्रवास परतीचा. तोवर कपडे मळलेले, पैसे संपलेले, आणि मुस्तफा सेंटरमधून आणलेल्या चॉकलेटांनी बॅगा अशा फुगलेल्या की चेन लावायला थोरल्याला वर बसवावं लागलं.

थोरला सहा वर्षांचा. त्यानं सहलीत एकच वस्तू मागितली होती: काचेचा गोळा, आत पाणी, पाण्यात मर्लायन. हलवला की त्या सिंहमाशावर बर्फ पडतो. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावरच्या गावात बर्फ कुठून पडणार, हे मी त्याला समजावून पाहिलं. ते त्याला पटलं आणि गोळा तरीही हवाच होता. फुटेल म्हणून त्यानं तो बॅगेत टाकू दिला नाही, पोटाशी धरूनच चांगी विमानतळावर आला.

आता तिथली गंमत अशी, की आम्ही ज्या टर्मिनलवरून निघालो तिथे सामानाची तपासणी अगदी शेवटी, विमानाच्या गेटपाशी होते. म्हणजे तुमच्या मोठ्या बॅगा केव्हाच निघून गेलेल्या असतात आणि हातात उरतं ते उरतं. शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव चालत नाही, हे मी शँपूच्या बाबतीत पाळलं होतं. गोळ्याला मी द्रव समजलोच नव्हतो. तपासणीवरच्या बाईंनी तो उचलला, उजेडात धरला, हलवला. मर्लायनवर बर्फ पडला. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

त्यांच्या मागच्या ट्रेमधून धाकटीची दुधाची बाटली मात्र ऐटीत पुढे सरकली. तान्ह्यांच्या दुधाला नियमातून सूट असते.

"तिचं दूध चालतं आणि माझं पाणी चालत नाही?" थोरल्यानं विचारलं.

प्रश्न कोर्टात टिकेल असा होता. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढचा अर्धा तास त्या गेटवरच्या सगळ्या प्रवाशांना मराठीतून आमची कैफियत ऐकावी लागली.

मग विमान. मांडीवरच्या प्रवाशाला एक जादा पट्टा देतात, तो आपल्या पट्ट्यात ओवायचा आणि मुलाच्या पोटाभोवती बांधायचा. कांगारूला निसर्गानं जे दिलं ते आपल्याला हवाई सुंदरी देते, एवढाच फरक. साडेअकरा किलोची मुलगी विमानातल्या तान्ह्यांच्या पाळण्याच्या वजनात बसत नव्हती, तेव्हा साडेपाच तास ती माझ्यावर. समोरचा ट्रे उघडेना, कारण तिथे तिचं पोट. जेवण आलं तेव्हा बायकोनं ताट हातात धरलं आणि मी मुलीच्या डोक्यावरून डाळ-भात खाल्ला. डाळ अर्थातच सांडली. मी ती रुमालानं पुसायला गेलो, तर तिनं रुमाल हिसकून पुढच्या सीटच्या फटीतून पलीकडे सरकवला. पुढच्या सद्गृहस्थांनी तो न बोलता परत केला. तिला खेळ सापडला. रुमाल सात वेळा गेला आणि सात वेळा आला. आठव्या वेळी तो आलाच नाही.

थोरला तोवर घड्याळात शिरला होता. "आठला निघालो, साडेपाच तास लागतात, मग मुंबईत अकराच कसे वाजणार?" सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, हे सांगून झालं. "मग ते अडीच तास कुठे गेले?" ते माझ्या मांडीत गेले होते. मुंग्या येऊन येऊन आता तिथे काहीच येत नव्हतं.

विमान खाली यायला लागलं की पोरांचे कान दुखतात. हवेचा दाब बदलतो आणि लहान मुलांची कान-घशामधली नळी अरुंद असते, त्यामुळे तो दाब लवकर सुटत नाही. काही चघळत, गिळत राहिलं की सुटतो. च्युइंगम चाललं असतं, पण सिंगापुरात ते 1992 पासूनच बंद, साध्या दुकानात मिळतच नाही. शेवटी आईनं नागपूरहून बांधून दिलेली आवळकाठी कामी आली. थोरला चोखत बसला. धाकटीनं आवळकाठी थुंकली आणि मुंबईच्या धावपट्टीपर्यंत भोंगा लावला.

पासपोर्ट तपासणीच्या रांगेत ती झोपली, खांद्यावर, तोंड मागे करून. साहेबांनी फोटो पाहिला. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो हे चांगलंच, पण पाच वर्षं चालणारा चेहरा मुलांना कुठून आणायचा? आमच्या मुलीचा फोटो जावळ काढलं त्या आठवड्यातला. गुळगुळीत टकलू, एखाद्या निवृत्त हेडमास्तरांसारखी. आणि खांद्यावर डोक्याच्या मधोमध कारंजं बांधलेली, केसांत डाळ वाळलेली मुलगी. साहेब म्हणाले, "चेहरा दाखवा." मी पाठ करून उभा राहिलो. झोपेतून तिनं एक डोळा उघडला, साहेबांना पाहिलं आणि असा टाहो फोडला की त्यांनी लगेच शिक्का मारला. ओळख पटली असावी.

मुंबईत बॅगा ताब्यात घ्यायच्या, कस्टममधून बाहेर काढायच्या, मग नागपूरच्या विमानात परत टाकायच्या. आणि इथेच ते साडेतीन हजार भेटायला आले. तिकीट वेगळं असल्यानं वजनाचा नियमही वेगळा: माणशी पंधरा किलो. तीन माणसांचे पंचेचाळीस. काटा छप्पन दाखवत होता. जादा किलोंचा भाव काउंटरवरच्या मुलीनं इतक्या गोड आवाजात सांगितला की मला आधी वाटलं ती सूट देतेय.

रात्रीचे तीन वाजले होते. बायको घड्याळाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

मी दोन्ही बॅगा फरशीवर उघडल्या. चारचौघांत बायको मला अहो म्हणते. त्या रात्री तिनं सरळ नावानं हाक मारली, तीही दोनदा. जड ते अंगावर, हलकं ते बॅगेत, असं धोरण ठरलं. मी तीन शर्ट, वर विमानातल्या थंडीसाठी नेलेलं जॅकेट, आणि जॅकेटच्या चारही खिशांत चॉकलेटं. बायकोनं जीन्सवर सलवार चढवली. थोरल्याच्या गळ्यात चार्जरच्या वायरी. पॉवर बँका तशाही हातातच ठेवायच्या असतात. उरलेला चिवडा आम्ही तिथेच बसून खाऊन टाकला, तो पाऊण किलो तरी होता.

नागपूरच्या गेटपाशी पोचलो आणि कानावर आलं, "काऊन रडून राहिली वो पोरगी?" एक पांढऱ्या टोपीचे आजोबा होते. जवळजवळ दहा दिवसांनी कोणी आपल्यासारखं बोललं. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आजोबांनी धाकटीला पाच मिनिटं घेतलं आणि ती गप्प बसली. विमानात त्यांची सीट पार मागे होती, हे आमचं नशीब.

चाकं सोनेगावच्या धावपट्टीला टेकली, त्या क्षणी धाकटी गाढ झोपली.

मे महिना. सकाळचे साडेसात आणि बाहेर भट्टी पेटलेली. टॅक्सीवाल्यानं माझे तीन शर्ट आणि जॅकेट पाहून विचारलं, "काऊन भाऊ, शिमल्याहून आले काय?" वर्धा रोडला लागलो. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. थोरला खिडकीतून बघत म्हणाला, "बाबा, आपल्याकडे तीन मजली आहे. सिंगापुरात असा नव्हता दिसला." गोळ्यानंतर त्याचं हे पहिलं चांगलं वाक्य.

नागपूरच्या महाल भागात घरी पोचलो. आईनं दारातच नातीला घेतलं आणि माझ्या जॅकेटच्या खिशात हात घातला. "काय आणलंस?" हात बाहेर आला तो बोटांपासून मनगटापर्यंत चॉकलेटी.

दुपारी सगळे कूलरसमोर आडवे. आई हात धुऊन धुऊन आलेली, तेवढ्यात म्हणाली, "अरे, पुण्याची मुंज आहे जूनमध्ये, जायला हवं. पण हिला आता तिकीट लागेल ना?"

मी डोळे न उघडता म्हणालो, "रेल्वेत पाच वर्षांपर्यंत लागत नाही."

"आणि बर्थ?" बायकोनं विचारलं.

"वेगळा मागायचा नाही, एवढंच. मांडी आहे ना."

ती उठली आणि कूलरचं तोंड स्वतःकडे फिरवून परत आडवी झाली.