नोट्स पाठवताना त्या ऐकू येतील का, तेवढं बघा

गोव्यातल्या कॉलेजांत मराठी शिकवणाऱ्या सगळ्या सहकाऱ्यांना एक विनंती करायची आहे. जरा लांबेल, पण वाचा.

आपण वर्गाच्या ग्रुपवर ज्या नोट्स टाकतो, त्या बहुतेक वेळा पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो असतात. डोळस मुलं ती मोठी करून वाचतात. माझ्या वर्गात सत्तरीतून येणारी एक पूर्ण अंध विद्यार्थिनी आहे. तिच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. तो फुकट मिळतो, मराठीही वाचतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला. साधन तिच्याकडे आहेच. पण फोटोत अक्षरं नसतात, नुसतं चित्र असतं, त्यामुळे फाइल उघडली तरी स्क्रीन रीडरला वाचायला काही सापडत नाही.

दुसरी अडचण आपल्या मराठीवाल्यांची खास. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स पडद्यावर सुबक मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तेच वाचतो आणि मुलीच्या कानावर निरर्थक गोंगाट पडतो. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप केलं की हा प्रश्न उरत नाही. छापील पान गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडलं की मजकूर मिळतो. जोडाक्षरं चुकतात, ती तपासावी लागतात. आज हे तपासायचं काम तिच्या मैत्रिणी करतात, स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून. मुली गुणी आहेत, पण हे काम शिक्षकाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

ऑनलाइन तासाचंही तेच. आपण स्क्रीन शेअर करतो ते तिच्याकडे चित्र म्हणूनच पोचतं, आणि आपण म्हणतो, "हे इथं बघा." स्लाइड आधी पाठवावी आणि तासाला तीवरचं बोलून सांगावं. वृत्तं शिकवताना मी आता लघु-गुरूच्या खुणांवर विसंबत नाही. भुजंगप्रयात म्हणजे य गण चार वेळा: लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू, असं म्हणत जाते. वृत्त मुळात कानाचंच. सगळ्या वर्गालाच ते लवकर कळायला लागलं.

कुणी कॉपीराइटची शंका काढतं. दिव्यांगांसाठी पुस्तक वाचता येईल अशा स्वरूपात आणायला कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीतच मोकळीक दिली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. डिजिटल सुविधा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. प्रवेश द्यायचा आणि नोट्स द्यायच्या नाहीत, हे कुठल्या न्यायात बसतं? पर्पल फेस्टला, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवाला, पणजीत आपण हौसेने जातो, फोटोही टाकतो. तीच आपुलकी जूनमध्ये वर्गातही हवी.

पुढच्या सत्राआधी विभागाच्या बैठकीत हा विषय घ्या. पहिल्या वर्षाच्या नोट्सपासून सुरुवात करता येईल. छंद-वृत्तांच्या माझ्या नोट्स युनिकोडमध्ये तयार आहेत, हव्या असतील त्यांनी सांगा, लगेच पाठवते. साहित्यशास्त्राच्या कुणाकडे असतील तर मला हव्या आहेत.