लिंक दाबली की सगळे सारखे होत नाहीत

जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. पतसंस्था, शाळा, शेतकरी गट, समाजाची मंडळं, सगळीकडे तो पोचलाय. त्याचा सारांश असा: मीटिंगा ऑनलाइन झाल्यापासून दिव्यांगांची अडचणच संपली. जिना नाही, एसटी नाही, लिंक दाबली की सगळे सारखे. स्क्रीनवर सगळ्यांना एकच दिसतं. ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शन, म्हणजे बोललेलं खाली अक्षरांत, आपोआप येतात. आणि असे लोक असतातच किती? तेव्हा वेगळ्या सोयी मागणं म्हणजे बाकीच्यांचा वेळ नि पैसा घालवणं. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण यातला जिन्या-एसटीचा भाग सोडला तर बाकीचं चूक आहे, आणि ते खरं धरून लोक सभा घेताहेत.

खरं आहे ते आधी मान्य करते. धडगावच्या व्हीलचेअरवरच्या माणसाला चांदसैलीचा घाट उतरून नंदुरबारला यायचं आणि तिथं लिफ्ट नसलेल्या इमारतीचा दुसरा मजला गाठायचा, हे ज्यानं पाहिलंय त्याला ऑनलाइन सभेची किंमत सांगावी लागत नाही. अशा माणसाची अडचण रस्त्यात होती, ती हटली. पण ज्याची अडचण बघण्यात, ऐकण्यात, बोलण्यात किंवा हात चालवण्यात आहे, त्याला ती लिंक दाबल्यानंतर भेटते.

स्क्रीनवर सगळ्यांना एकच दिसतं, हा दावा घेऊ. अंध माणसं फोन आणि संगणक स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवतात. विंडोजवर एनव्हीडीए हे फुकट सॉफ्टवेअर आहे, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं. दोन्हींवर मराठी वाचून घेता येतं. माउसला हात न लावता झूममध्ये ऑल्ट-ए दाबून आणि गूगल मीटमध्ये कंट्रोल-डी दाबून माइक चालू-बंद करता येतो. म्हणजे आत येण्यात अडचण नाही. अडचण सुरू होते कुणीतरी स्क्रीन शेअर करतं तेव्हा. शेअर केलेली स्क्रीन म्हणजे पलीकडच्या माणसाकडे पोचणारा व्हिडिओ. त्यात कितीही मजकूर असला तरी स्क्रीन रीडरला तो अक्षरं म्हणून मिळतच नाही. "हे बघा, इथं वाढलंय, इथं घटलंय" या वाक्यात अंध सभासदाच्या हाती काहीच लागत नाही.

धुळे जिल्ह्यातले माझे एक अंध शिक्षक मित्र आहेत. ते ज्या पतसंस्थेचे सभासद आहेत तिच्या ऑनलाइन सभेत ताळेबंद "स्क्रीनवर आहेच" म्हणून न वाचता मंजुरीला टाकला गेला. न वाचता आलेल्या आकड्यांवर त्यांनी हात वर करायचा होता. त्यांनी केला नाही, आणि सभेत अडवणूक केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. ही गोष्ट ऐकून मला आजही संताप येतो.

"मग फाइल आधी पाठवू" असं कुणी म्हटलं तर ते बरोबरच आहे. पण कसली फाइल? सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ हा फोटोच असतो. दुसरी अडचण आपल्याकडे फार जुनी आहे. अजूनही कितीतरी कार्यालयांत मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप होतो. तिथं डोळ्यांना 'क' दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असतं. स्क्रीन रीडर मग मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ वाचत सुटतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जिथं 'क' संगणकाच्या लेखीही 'क'च असतो अशा पद्धतीनं टाइप करा, मूळ वर्ड फाइल एक दिवस आधी पाठवा, आणि सभेत आलेखाचा अर्थ दोन वाक्यांत बोलून सांगा. हे केलं की माझ्या मित्राचं निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं चॅटचं. तिथं आलेला प्रत्येक नमस्कार स्क्रीन रीडर मोठ्यानं वाचतो, तोही अध्यक्ष बोलत असतानाच. ही वाचणी बंद करता येते, पण मग कामाचा संदेशही निसटतो. शुभेच्छा ग्रुपवर टाकाव्यात, सभेच्या चॅटमध्ये नकोत.

आता कॅप्शन. झूमनं स्वयंचलित कॅप्शन फुकट खात्यांना 2021 मध्ये दिली, मीटमध्येही ती आहेत. पण ती आपोआप बरोबर येतात हे खरं नाही. आधी भाषा निवडावी लागते. सेटिंग इंग्रजीवर राहिलं तर मराठी बोलण्यातून भलतेच इंग्रजी शब्द खाली उमटत राहतात. भाषा नीट निवडली तरी आपल्या सभा कोणत्या बोलीत चालतात ते आठवा. प्रास्ताविक प्रमाण मराठीत होतं आणि वाद सुरू झाला की सगळे अहिराणीवर येतात. रावेर-यावलकडे लेवा गणबोली येते, अक्कलकुव्याकडे भिली. "पानी ई ऱ्हायनं का?" म्हणजे पाणी येतंय का, हा गावासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो, आणि प्रमाण भाषेवर शिकवलेलं यंत्र नेमकं तिथंच चुकतं. अडखळत बोलणाऱ्याच्या किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्याच्या उच्चारांवर तर त्याच्या चुका आणखी वाढतात.

त्यात मे महिना. भुसावळला पारा 45 च्या आसपास असताना कूलर बंद ठेवा असं मी सांगणार नाही. पण कूलरसमोर माइक उघडा ठेवलेला प्रत्येक जण श्रवणयंत्र लावलेल्या माणसाच्या कानात तो कूलर ओतत असतो, कारण यंत्र आवाजाबरोबर घरघरही मोठी करतं. बोलणाऱ्याशिवाय सगळ्यांचे माइक बंद, एका वेळी एकच जण, बोलण्याआधी स्वतःचं नाव, आणि खिडकीकडे पाठ न करता चेहऱ्यावर उजेड. ओठ वाचणाऱ्याला एवढं मिळालं तर तो सभेत राहतो. शिवाय एकाच माणसानं ठराव नि आकडे चॅटमध्ये टाइप करत राहावं. एकानंच, म्हणजे अंध सभासदाच्या कानावर मारा होत नाही. दोघांच्या गरजा एकमेकींना छेदतात हे खरं आहे, पण म्हणून दोन्ही सोडून देणं हा त्यावरचा मार्ग नाही.

जन्मापासून बहिरी असलेली आणि खुणांच्या भाषेत वाढलेली माणसं वेगळी. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. दिल्लीतल्या संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं 2021 पर्यंत तिच्या 10,000 शब्दांचा कोश केला. खुणांच्या भाषेत वाढलेल्यांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते, त्यामुळे कॅप्शन अचूक असली तरी पुरत नाहीत. तिथं दुभाषी लागतो, आणि सभा लांबली तर दोन, कारण हात नि मेंदू दमतात आणि त्यांना आलटून-पालटून काम करावं लागतं. दुभाष्याची चौकट होस्टनं सगळ्यांसाठी पुढे आणून ठेवली नाही तर स्क्रीन शेअर होताच ती कोपऱ्यात नखाएवढी होते.

असे लोक असतातच किती? 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले, तेही आठच प्रकार धरून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार काय करतो हे तिथल्या आशाताईंना विचारा. अंग ठणकत असताना सलग दोन तास बसवत नाही. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी आणि कॅमेरा बंद ठेवायची मुभा, एवढीच अशा रुग्णाची गरज असते. आणि ज्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही, पण ज्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, फोनचा आवाज पुरत नाही, असे आपले आई-वडील या कुठल्याच आकड्यात नाहीत. सभेत हे लोक दिसत नाहीत, कारण गेल्या खेपेला काहीच कळलं नाही म्हणून ते पुन्हा आलेच नाहीत.

वेगळ्या सोयी मागणं म्हणजे वेळ-पैसा घालवणं, या दाव्याला उत्तर द्यायला फार शब्द नकोत. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 42 माहिती आणि संवादाची साधनं सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सुविधांपर्यंत पोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हक्क मागणाऱ्याला उधळ्या ठरवू नये.

पैशाचं म्हणाल तर वर सांगितलेल्यापैकी युनिकोड, वर्ड फाइल, बंद माइक, नाव सांगणं, सुट्टी, यातल्या कशालाच खर्च नाही. साधा कीपॅडचा फोन असलेल्याला कॉन्फरन्स कॉलवर जोडून घ्यायला कॉलपुरतेच पैसे पडतात. खरा खर्च दुभाष्याचा आहे, आणि तो ऐन वेळी मिळतही नाही. म्हणून सभेच्या नोटिशीतच लिंकच्या खाली एक ओळ घाला: कुणाला काय सोय लागेल ते अमुक तारखेपर्यंत या नंबरवर फोन करून किंवा मेसेज टाकून कळवा. आणि त्या नंबरवर उत्तर देणारा माणूस आधी ठरवा.